अंबाडीच्या पानाचा पंचनामा

"फिर फिर माझ्या ढेऱ्या, पीळ घट्ट तुझा राहो,
रतनच्या पाळण्याला दोर तुझाच रं होवो..."

हा केसरबाईचा आवाज. ऐकून तीस वर्षं झाली. ती गेली, आवाज माझ्या लाकडात राहिला.

मित्रांनो, मी एक जुना ढेरा आहे. बाभळीच्या दोन आडव्या काठ्या, मधोमध एक उभी. अंबाडीचा धागा अडकवून मला गरगर फिरवलं की पीळ बसतो, सुतळी होते, सुतळीचा दोर होतो. वाळूजच्या पलीकडच्या एका खेड्यात केसरबाईच्या सासऱ्यानं मला तासलं. पुढं तिचा नवरा बन्सी मला फिरवू लागला.

पोळ्याआधीचा महिना माझा असायचा. लोक दोर ताणून म्हणायचे, "बन्सीचा हाय. बैल तुटंल, ह्यो नाय तुटायचा." मी फुगून जायचो. हीच माणसं दोराच्या बदल्यात जोंधळा द्यायची तेव्हा वरून टाकायची, बन्सीच्या हाताला हात लागू नये म्हणून. मला त्याचं काही वाटलं नाही. मी लाकूड होतो.

मग नायलॉन आलं आणि मी खुंटीवर गेलो.

मला खाली काढलं ते केसरबाईच्या लेकीनं, रत्नमालेनं. ती वाळूजच्या कारखान्यात गाड्यांच्या दारांचे भाग तपासते. परदेशात अशा दारांत भांगेच्या खोडाचा धागा घालतात, हे तिला तिथंच कळलं. नशा नसलेली, नुसती धाग्याची भांग.

"बा, आपल्या अर्ध्या एकरात लावू. रीतसर परवाना काढून," ती म्हणाली.

"भांग? लोक काय म्हणतील, माय?"

"लोकांचं सोड. तू काय म्हणतो?"

बन्सी उठून फाट्याकडं निघून गेला.

तिनं अर्ज केला. मग चपला झिजल्या. शेतीवाले म्हणाले, हे आमच्याकडं येत नाही. दुसरे म्हणाले, कायद्यात वाट आहे, पण आपल्याकडचे नियम अजून यायचेत. तिसऱ्या कचेरीतल्या बाबूनं चष्म्यावरून बघितलं. "ताई, घरचे बरे आहेत ना? पोरीच्या जातीनं भांग मागायची म्हणजे!" कारखान्यातून सुटून शहरातल्या क्रांती चौकापर्यंत ती किती वेळा गेली, ते तिच्या पायांनाच ठाऊक.

परवाना येईपर्यंत हात बसावा म्हणून तिनं रानात अंबाडी पेरली. कारखान्याच्या साहेबांनी सांगितलं होतं, दिवाळीपर्यंत चांगल्या धाग्याचा नमुना आण, मग पुढचं बोलू. अंबाडी डोक्याएवढी उंच झाली. ती कामावरून आली की आधी रानात जायची, मग घरात.

एका सकाळी पोलिसांची जीप आली. तक्रार होती म्हणे.

मित्रांनो, अंबाडीचं पान पाच बोटांचं असतं. भांगेचंही तसंच. जीपमधल्या साहेबांनी पान मोबाइलमधल्या चित्राशेजारी धरलं. "तेच आहे."

शेजारची सत्यभामा मध्ये पडली. "अवो साहेब, ह्याची भाजी खाऊन आमी वाढलो. ह्यानं नशा चढती तर सारं गाव लोळत असतं की! देठ चावून तरी बघा, आंबट लागतंय."

"पुरावा खायचा नसतो, बाई."

साऱ्या गावात या पाल्याची सगळ्यात जास्त ओळख बन्सीला. तो बांधावर खाली मान घालून उभा राहिला. नमुना पाकिटात गेला. बाकीचं उपटून पेटवलं. हिरवं होतं, पेटता पेटेना, तर डिझेल ओतलं.

अडीच महिन्यांनी अहवाल आला: अंबाडी. तोवर दिवाळी होऊन गेली होती. आठवड्यानं दुसरा कागद आला. सदर जमिनीबाबत तक्रार प्राप्त असल्याने अर्ज नामंजूर.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. कुणाचं रान उपटण्याआधी त्यातलं एक पान चाखून बघा. परवाना मागायला जो स्वतःच्या पायांनी येतो, त्याला चोर समजू नका. चोर अर्ज करत नाहीत.

त्या संध्याकाळी रत्नमालेनं मला चुलीजवळ टाकलं. "जाळ ह्याला, बा. फक्त एवढं सांग, तक्रार कुणी केली असंल? आपलं काय वाईट केलं व्हतं कुणाचं?"

बन्सीनं मला उचललं. पोटाशी धरलं.

"मी गेलतो," तो म्हणाला.

"कुठं?"

"कचेरीत. म्हणलं, पोरगी भांग लावायची म्हणती, परवाना देऊ नका. तिथल्या बाबूनं लिहून घेतलं, मी सही केली. वाचाया चष्मा नव्हता. लावायची म्हणती, एवढंच म्हणलो व्हतो, माय. त्यानं लावली म्हणून लिव्हलं."

ती चुलीपुढं खाली बसली.

"धागा काढायचं काम आपण निवडलं नव्हतं, रतन. आपल्याला लावलं व्हतं. माझ्या बापानं सोडलं नाय, मला सोडता आलं नाय. तू गळ्यात कंपनीचं कार्ड घालून बसमधून उतरती ना, ते मी रोज फाट्यावर बसून बघतो. तू परत ह्या ढेऱ्याला हात लावला, तवा मला तुझ्या हातात माझाच हात दिसला."