घंटेतला पुठ्ठा

आमचं लग्न ठरलं तेव्हा मला सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, मुलगा हुशार आहे. कोणी खोटं बोललं नाही. शेजारणीची शिलाई मशीन असो नाहीतर कोणाचं बंद पडलेलं घड्याळ, आमचे हे त्याला हात लावायच्या आधीच दुखणं सांगायचे. ह्यांच्या धाकट्या भावाबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही. तो कोपऱ्यात बसून होता आणि कोणी पाणी आण म्हटलं की आणत होता. घरात त्याला ठोकळाच म्हणायचे. त्याने शाळेत एकेका इयत्तेत दोन-दोन वर्षं मुक्काम केला होता.

पुढे आम्ही तिघंही एकाच कारखान्यात लागलो. तिथे रुग्णालयांच्या चादरी आणि हॉटेलांचे टॉवेल धुऊन, वाळवून, इस्त्री करून जातात. इस्त्रीच्या हॉलमध्ये चाळीस बायका, आणि त्यांच्यावर मी मुकादम. हॉलच्या मागच्या भिंतीला लागून बॉयलरची खोली. सगळी वाफ तिथून यायची. सकाळच्या पाळीला बॉयलर हे बघायचे, दुपारच्या पाळीला भाऊजी. ह्यांना कारखान्यात प्रोफेसर म्हणत. थट्टेने म्हणत, पण त्या थट्टेत मान होता, आणि ह्यांना तो आवडायचा.

बॉयलर म्हणजे शेवटी एक झाकलेलं पातेलं. आत पाणी आहे तोवर ते गरीब असतं. पाणी उतरून नळ्या उघड्या पडल्या की त्या लाल होतात, आणि लाल नळ्यांवर गार पाणी पडलं की मग भिंतही राहत नाही आणि भिंतीपलीकडच्या बायकाही राहत नाहीत. म्हणून बाहेर एक उभी काच असते, आत पाणी किती आहे ते तिच्यात दिसतं. भिंतीवर पाटी होती. दर अर्ध्या तासाने काचेखालचा कॉक उघडा, पाणी सोडा, कॉक बंद करा, काचेत पाणी परत चढलेलं बघा. चढलं नाही तर आग बंद करा, पाणी घालू नका, सगळ्यांना बाहेर काढा.

भाऊजी हे दर अर्ध्या तासाने करायचे. घड्याळाचा काटा हलला की भाऊजी उठलेच. हे का करायचं असं विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं.

आमच्या ह्यांनी ते कधीच सोडून दिलं होतं. पंप तासाला किती मिनिटं चालतो त्यावरून पाणी किती आहे ते त्यांना मनातल्या मनात कळायचं. मी दोन-तीनदा पडताळून पाहिलं होतं, बोटभरसुद्धा चूक नव्हती. आणि ती घंटा. पाणी कमी झालं की घंटा वाजायची आणि आग आपोआप बंद पडायची. पण आत साबणाचा फेस झाला तरी ती वाजायची, दिवसातून चार-पाच वेळा, आणि दर वेळी आमच्या इस्त्र्या थंड. ह्यांनी साबणाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून घंटेतल्या, आगही बंद पाडणाऱ्या पत्र्याखाली सारला. घंटा गप्प, आग चालू.

"अहो, खरंच पाणी कमी झालं तर?" मी विचारलं होतं.

त्यांनी जेवता जेवता मला सगळं समजावून सांगितलं. गेल्या वर्षभरात घंटा किती वेळा वाजली, त्यातली किती वेळा खरी होती (एकदाही नाही), आणि खरी वाजायची वेळ येण्याआधी त्यांना पंपावरून कसं कळेल. मला पटलं. ह्यांचं सगळंच पटतं, तीच तर पंचाईत आहे.

त्या दिवशी पाळी बदलायच्या वेळेला मी घराची किल्ली द्यायला बॉयलरच्या खोलीत गेले. हे शर्टाची बटणं लावत होते. भाऊजी नुकतेच आले होते आणि आल्या आल्या कॉकपाशी गेले होते. काचेत निम्म्यापर्यंत पाणी दिसत होतं, अगदी छान. भाऊजींनी कॉक उघडला, पाणी सुटलं. कॉक बंद केला. काच रिकामीच राहिली.

मी वाट बघितली. भाऊजींनीही बघितली. मग ते बर्नरकडे गेले आणि आग बंद केली.

"अरे, काय करतोस?" हे ओरडले.

"चढलं नाही, दादा."

"काचेत पाणी येणारी खालची वाट गाळाने तुंबली असेल! काच खोटं दाखवतेय, आत पाणी आहे." मग हे एकदम थांबले. काच आधीपासून खोटं दाखवत असेल तर आज सकाळपासून पाणी किती होतं, हा प्रश्न त्यांच्याही मनात आला असणार. ओठ हलले, पंपाची मिनिटं मोजली गेली. "फार तर दहा मिनिटांपासून कमी असेल. दहा मिनिटांत नळ्या उघड्या पडत नाहीत. पंप चालू केला की झालं."

ते पंपाच्या बटणाकडे निघाले. भाऊजी मध्ये उभे राहिले.

"पाटीवर लिहिलंय घालू नका."

"ते ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी लिहिलंय."

"पाटीवर लिहिलंय, दादा."

एकीकडे ज्याचा शब्द आजवर खोटा ठरला नाही असा माझा नवरा, दुसरीकडे एकच वाक्य घोकणारा ठोकळा. खरं सांगते, माझा विश्वास ह्यांच्यावरच बसला. दहा मिनिटं म्हणतात म्हणजे दहाच असणार. आणि तरी माझे पाय हॉलकडे धावले. मी दारातूनच किंचाळले, इस्त्र्या टाका, बाहेर व्हा, चपला शोधत बसू नका. बायका निघाल्या. मी परत आले तेव्हा हे दोघं अजून तसेच समोरासमोर उभे होते. हे भाऊजींच्या खांद्यावरून बटणाकडे हात लांबवत होते आणि भाऊजी नुसते जाडजूड उभे होते. मी ह्यांची बाही धरली आणि ओढत बाहेर नेलं, भाऊजी मागून आले. चाळीस जणींनी बघितलं.

आम्ही समोरच्या रस्त्यावर दोन तास उभे होतो. एकजण माझ्या दंडाला धरून होती, ते धरणं सुटेना. दर मिनिटाला मला वाटायचं आता होईल, आणि काहीच झालं नाही. शेवटी तर बायकांना हसू यायला लागलं. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," कोणीतरी म्हणालं, पण ते कोणाला उद्देशून ते कळेना.

बॉयलर थंड व्हायला दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तपासनीस आले. मालकांनी आम्हा तिघांना बॉयलरच्या खोलीत बोलावलं. तपासनीसांनी झाकण उघडून आत बॅटरी मारली, बराच वेळ बघितलं, हात पुसले.

"काचेची खालची वाट तुंबलीय. काच त्या दिवशी सकाळपासूनच खोटी असणार. पण नळ्यांच्या वर चार बोटं पाणी आहे. नळ्यांना काही झालेलं नाही."

ह्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे पंप चालू केला असता तर?"

"तर काही झालं नसतं," तपासनीस म्हणाले. खरं ते सांगायलाच हवं होतं त्यांना.

मालक भाऊजींकडे वळले. "म्हणजे दोन दिवस आम्ही उगाच बंद?" भाऊजी जमिनीकडे बघत राहिले. मग तपासनीसांनी खिशातून तो पुठ्ठा काढला आणि तळहातावर ठेवला. "हा घंटेत होता. कोणी घातला?"

"हा ठोकळाच," मालक म्हणाले. "ह्याच्याशिवाय कोणाला असली अक्कल सुचणार?"

लहानपणापासून घरात काही फुटलं की ते भाऊजींच्याच नावावर जायचं, आणि त्यांनी कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी एकदा फक्त ह्यांच्याकडे बघितलं.

"साहेब, वरच्या फळीवर साबणाची खोकी असतात," हे शांतपणे म्हणाले. "यंत्रांच्या धक्क्याने तुकडा सुटून पडला असणार. कोणाचाच दोष नाही." ते इतकं सहज होतं की तपासनीसांनी फळीकडे बघून मान हलवली. मालकही निवळले. "बरं, जाऊ दे. पण उद्यापासून दोन्ही पाळ्या प्रोफेसरच बघतील. ह्याला चादरी उचलायला लावा."

सगळं मिटलं. सगळे खूश होते. भाऊजीसुद्धा, ओरडा टळला म्हणून.

आणि मी तिथेच उभी होते. उद्यापासून त्या खोलीत पाटी वाचणारं कोणी नसणार होतं. माझंही डोकं काही कमी नाही, त्याने भराभर कारणं काढून दिली. हे बरोबर ठरलेत. आजवर एकदाही चुकले नाहीत. ह्यांचं काम गेलं तर दुसरं मिळणार नाही. घरी आमच्या मुलीसमोर त्यांची मान खाली जाईल. आणि नवऱ्याच्या विरुद्ध चारचौघांत? एकेक कारण असं चोख होतं की मला त्या कारणांचीच धास्ती वाटली.

"पुठ्ठा ह्यांनी घातला," मी म्हणाले.

"अगं!" हे हसले, अगदी मायेने. "साहेब, त्या दिवसापासून हिने धसका घेतलाय. झोप नाही हिला."

ते खरंच होतं. झोप नव्हती मला. तपासनीस माझ्याकडे कीव आल्यासारखे बघायला लागले.

"पुठ्ठा ह्यांनी घातला. मला स्वतः सांगितलं. काचही तपासत नाहीत."

"बाई, नीट आठवून सांगा."

"पुठ्ठा ह्यांनी घातला," मी परत म्हणाले. माझ्याकडे दुसरं वाक्यच नव्हतं. ह्यांनी अजून दोन बाजूंनी समजावून पाहिलं, आणि मी तेच म्हणत राहिले. शेवटी तपासनीसांनी चष्मा लावला आणि लिहायला घेतलं. ह्यांना बॉयलरच्या खोलीत पाऊल टाकायला बंदी झाली, परवाना जमा झाला. दुसरा माणूस मिळेपर्यंत दोन्ही पाळ्या भाऊजींकडे आल्या.

घरी जाताना हे माझ्यासोबतच चालत होते. त्यांना राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. दोन गल्ल्या गेल्यावर ते म्हणाले, "पण माझं बरोबर होतं ना?"

"हो."

"आजवर प्रत्येक वेळी बरोबर होतं."

"हो, प्रत्येक वेळी."

"मग का केलंस?"

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, लोक जात-येत असताना. "भिंतीपलीकडे मी होते हो," मी म्हणाले. "रोज. आठ तास."

ते चालायचे थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. ती भिंत किती जाडीची ते त्यांना ठाऊक होतं, पलीकडे किती टेबलं आहेत तेही. पण मी तिथे असते हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, ते चेहऱ्यावर स्वच्छ दिसत होतं. त्या दिवशी बॉयलरसमोर वाटली नव्हती एवढी भीती मला तेव्हा वाटली.