प्राणदर्शकातली मेख

घनसावंगीच्या मंगल कार्यालयाबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि आत कल्पनाथ महाराजांचं 'प्राणदर्शक यंत्र' टूंटूं करत होतं. माणसानं दोन पितळी मुठी धरायच्या. डब्यावर आकडे पळायचे, एकामागून एक लाल दिवे लागायचे आणि महाराज डब्यावर हात ठेवून याच्या रक्तातली साखर, तिच्या गुडघ्यातला वायू सांगायचे. मग काढ्याचा एक घोट, पुन्हा मुठी धरायच्या आणि या खेपेला सगळे दिवे हिरवे.

"हे यंत्र कारखान्यात बनत नाही, तपात बनतं," महाराज माइकवर सांगत. "डॉक्टरांचं यंत्र शरीर बघतं. हे लहरी बघतं. मागच्या जन्मीच्यासुद्धा."

मागच्या जन्मीची साखर या जन्मी काढ्यानं कशी उतरते, हे गर्दीतून कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी हात जोडले.

अरुंधती या रांगेत उभी राहिली ती शेजारच्या दुर्गाबाईंपायी. अंबडला दोघींची घरं भिंतीला भिंत लागून. दुर्गाबाईंचा मधुमेह जुना. पण दिवे हिरवे झाल्यापासून त्यांनी गोळ्या बंद केल्या होत्या, आणि पायाच्या बोटाजवळची जखम काळी पडत चालली होती. मुलगा कल्याण दर शिबिराला त्यांना जीपनं आणायचा. डॉक्टरांचं नाव काढलं की दोघांचं उत्तर एकच, दिवा हिरवा आल्ता.

आपली पाळी आली तेव्हा अरुंधतीनं एकच मूठ धरली आणि दुसरीला बोटही न लावता वर पदर टाकला. तरी लाल दिवे लागले. पूर्वी ती तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवायची. एकाच मुठीतून विजेचा फेरा पूर्ण होत नाही, म्हणजे डबा काहीही मोजत नव्हता. महाराजांचा जाड अंगठीचा हात मात्र दर वेळी डब्याच्या डाव्या कोपऱ्यावरच टेकत होता.

परतताना तिनं दुर्गाबाईंना सांगितलं, की अंगठीत लोहचुंबक असणार, कोपऱ्यात चुंबकानं चालणारं बटण, आणि दिव्यांचा खेळ करणारी एक बोटभर चिप. दुर्गाबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही शिकलेल्या हाव, मॅडम. पण त्यांनी करून दाखवलं, तुम्ही नुसतं सांगून राह्यल्या."

हे तिला लागलं. तसाच डबा करून दाखवायचा असं तिनं ठरवलं. एकेकाळी अशा चिपांचे प्रोग्रॅम लिहायचा तिला नादच होता. पुढे नोकरीतल्या कागदांखाली तो गाडला गेला. माळ्यावरून जुनं किट निघालं. चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्या बोर्डाची पिन जुन्या प्रिंटरच्या खाचेत बसणारी होती, आणि तशी खाच तिच्या लॅपटॉपला नव्हती. जालन्याहून जोडणी आणली, ती फक्त प्रिंटरलाच ओळखत होती. नवा बोर्ड मागवला, तर ते पार्सल भलत्याच गावाला जाऊन बसलं. शेवटी ऋषी नावाच्या जुन्या सहकाऱ्यानं घरात पडून असलेला एक जुना संगणक दिला. तो चालू झाला, प्रोग्रॅमही तयार झाला, आणि पडद्यावर अक्षरं आली: चिप सापडत नाही.

दुपारमागून दुपार हेच. तिनं वायरी बदलल्या, चिपही बदलली, स्वतःवर चिडली. पलीकडे दुर्गाबाई लंगडत अंगण झाडायच्या, तो आवाज तिला ऐकवेना. एकदा अर्धा प्रोग्रॅम आत गेला. त्या वेळी पंखा बंद होता आणि पिन तिनं डाव्या अंगठ्यानं दाबली होती. तेव्हापासून ती पंखा बंद करूनच बसू लागली, अंगठाही डावाच.

कल्याण भाजी द्यायला आला तेव्हा ती घामानं निथळत होती. "मॅडम, मशीनला पंखा चालत न्हाई का?" त्यानं विचारलं.

ती 'नाही' म्हणणार होती, आणि तिची तिलाच लाज वाटली. एकदा योगायोग झाला आणि तिनं त्याचं व्रत करून टाकलं होतं. तिनं मुद्दाम पंखा लावून पाहिलं, बंद करून पाहिलं. काही फरक नव्हता. मग मीटर काढून एकेक तार मोजली. बोर्डाला वीज पुरवणारा जुना अडॅप्टरच निम्मा मेला होता. दुसरा लावल्यावर चिप पहिल्या झटक्यात सापडली.

डबा तयार झाल्यावर दुर्गाबाईंच्या ओसरीवर गल्लीतल्या बायका जमल्या. त्यांतल्या गोजरबाईंना अरुंधतीनं मुठी धरायला दिल्या आणि स्पीकरमधलं चुंबक तळहातात लपवून हात डब्यावर ठेवला. लाल. पुन्हा ठेवला. हिरवा. गोजरबाईंनी तिचे पाय धरले आणि मॅडमच्या हातालाही गुण आहे म्हणून सांगितलं. अरुंधतीला डबा उचलून आपटावासा वाटला. एवढं करून तिनं आणखी एक महाराज तयार केला होता, आणि तो म्हणजे ती स्वतःच.

तिनं मूठ उघडून चुंबक दाखवलं आणि दुर्गाबाईंच्या हातात दिलं. "मावशी, आता तुम्हीच करा. पण मुठी माणसाला देऊ नका."

दुर्गाबाईंनी स्वयंपाकघरातला दुधी आणून मुठींवर आडवा ठेवला. चुंबक कोपऱ्यावर टेकवलं. लाल. पुन्हा टेकवलं. हिरवा. त्यांनी परत लाल केला, परत हिरवा.

"म्हणजे मला बी असंच केलं," त्या म्हणाल्या. "कल्याण, जीप काढ. दवाखान्यात जाऊ."

जालन्याच्या डॉक्टरांनी बोट काढलं, पाय वाचला. बऱ्या झाल्यावर दुर्गाबाई कल्याणला आणि अरुंधतीला घेऊन स्वतः शिबिरात गेल्या, मुठी धरल्या आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "महाराज, हात मागं ठिवा, अन् मंग माझी साखर सांगा."

महाराजांनी लहरींचं काहीतरी सांगून पाहिलं, पण डबा मुका राहिला. कल्याणनं झाकण काढलं. आत कोपऱ्यात तेच बटण होतं.

निम्मी रांग पांगली, निम्मी तशीच उभी राहिली. बाहेर एक बाप्या अरुंधतीला गाठून हळूच विचारू लागला, की तुमचा डबा माझ्या आईला बघील का.

"माझा डबा कुणालाच बघत नाही," ती वैतागून म्हणाली. "आईला आजच डॉक्टरांकडे न्या."

चमत्कार दाखवणाऱ्याला हात मागं ठेवायला सांगा, आणि तो ते करून दाखवत नाही तोवर आपली औषधं बंद करू नका. विचारल्यानं देव रागावत नाही. रागावतो तो, ज्याचं पितळ उघडं पडणार असतं.