रंगूबाईला ओलांडून गेलेला प्याला

मी एक जुना पितळी प्याला आहे. वडूजजवळच्या एका खेड्यातल्या चर्चमध्ये मी राहतो. सांगलीच्या एका तांबटाने मला घडवले, आतून कल्हई केली आणि प्रभुभोजनासाठी, म्हणजे येशूच्या आठवणीने सर्वांनी एकाच प्याल्यातून पिण्याच्या विधीसाठी, मला इथे पाठवले. तेव्हा मी किती फुशारलो होतो! आता मात्र मित्रांनो, माणसांपुढे मी हात टेकले आहेत. मला हात नाहीत, तरीही टेकले आहेत.

पाळकसाहेब साताऱ्याहून महिन्या-दोन महिन्यांनी येतात. त्या रविवारी संध्याकाळी उपासना होते. भिजवलेल्या मनुका कुस्करून त्यांचा रस माझ्यात ओततात आणि मंडळीचे वडील नानासो मला बाकाबाकावरून फिरवतात. हे वडील वयाने नव्हेत, मानाने. आणि मान त्यांना फार प्रिय!

बहात्तरचा दुष्काळ पडला. म्हातारी रंगूबाई दोन पोरक्या नातवंडांसाठी दुष्काळी कामावर खडी फोडू लागली. कामाला सुटी बाजाराच्या दिवशी, रविवारी नाही. झाले! तिने प्रभुवार, म्हणजे रविवारची विश्रांती मोडली, तिला प्याला द्यायचा नाही, असे नानासोंनी ठरवले. त्यांच्या स्वतःच्या बैलगाड्या रविवारी तीच खडी वाहायच्या. पण गाडीवर गडी बसायचा ना, म्हणजे पाप गड्याचे! या शहाणपणाला काय म्हणावे?

विहीर आटली होती. मनुका भिजवायलाही पाणी नव्हते. कामावरच्या टँकरचे तांब्याभर पाणी रंगूबाईनेच आणून दिले. नानासोंनी ते घेतले, आणि उपासनेत मला तिच्यासमोरून तसेच पुढे नेले.

पाळकसाहेब नवे होते. ते म्हणाले, "त्या बाई राहिल्या की."

"ऱ्हाऊ द्या साहेब. रविवारी खडी फोडती ती. नियम म्हंजी नियम!"

साहेबांनी मान खाली घातली. रात्रीचे जेवण नानासोंकडेच होते. मला इतका संताप आला की नानासोंच्या पांढऱ्या धोतरावर सांडावेसे वाटले.

रंगूबाई उठून उभी राहिली. केसांत अजून खडीची धूळ होती.

"आवं नानासो, तुमच्या हातात प्याला हाय, द्येव न्हाई. एवढ्या दुष्काळात माझ्या लेकरांस्नी त्यानं एक दिस उपाशी निजू दिलं न्हाई. तुमी मला इसरला, सायेब इसरलं. त्यो न्हाई इसरायचा."

ती खाली बसली आणि डोळे मिटून देवाचे आभार मानू लागली. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता. राग सगळा माझ्याच पोटात.

पुढे पाऊस पडला, खडीचे काम बंद झाले, नानासोंचा नियम मात्र चालूच आहे. रंगूबाई दर उपासनेला येते, शेवटच्या बाकावर बसते आणि सर्वांत मोठ्याने 'आमेन' म्हणते.

मित्रांनो, चिंचेने घासून मला लख्ख ठेवा, असे मी म्हणणार नाही. मळका राहीन. पण मला त्या शेवटच्या बाकापर्यंत न्या हो! देव तिथे केव्हाचा जाऊन बसला आहे, आणि मी अजून पोहोचलो नाही.