साक्षीला दादाच का?

शेवटी धाकट्यावर कोर्टाच्या समन्सची बजावणी अडवल्याचा खटला भरला गेला. पण असं काही झालेलंच नाही, असं आईने घरात ठरवून टाकलंय. तेव्हा आपणही तसंच धरून चालू.

दोघा भावांचं पंखेदुरुस्तीचं दुकान घराच्याच खाली. एका दुपारी पाण्याच्या टँकरने समोरच्या न्हाव्याची काच फोडली. पाहिलं ते धाकट्याने. "दादा, बघ बघ," म्हणून ओरडलाही तोच. थोरल्याने मान वर करेपर्यंत ड्रायव्हर खाली उतरून घाम पुसत होता. तरी पोलिसांनी नाव लिहून घेतलं थोरल्याचं. नवा शर्ट थोरल्याला, खिडकीजवळची खाट थोरल्याला. आईचं ठीक आहे, पण सरकारनेही तिचाच कित्ता गिरवावा?

मग एका सकाळी कोर्टाचा बेलिफ जिना चढून आला. दारात धाकटा.

"साक्षीचं समन्स आहे. तुमच्या भावाच्या हातात द्यायचंय."

"माझ्या नावाचं नाही?"

"नाही."

"नीट बघा. आधी मी पाहिलं होतं."

"ते कोर्टाला सांगा. भाऊ घरात आहे ना?"

"नाही."

आतून थोरला खोकला.

"मांजर आहे," धाकटा म्हणाला.

"मांजराला खोकला?"

"जुना आहे."

बेलिफने पिशवीतून खळीचा डबा काढला. माणूस भेटला नाही की कागद दाराला डकवायचा, हा त्याचा शिरस्ता. धाकटा दार ओढून घेऊन त्याला पाठ लावून उभा राहिला. बेलिफ डावीकडे सरकला की हाही डावीकडे. या फुगडीत समन्स धाकट्याच्याच छातीवर चिकटलं.

क्षणभर त्याचा ऊर भरून आला. मग त्याने मान खाली घालून वाचलं. उलटं दिसत होतं, तरी नाव दादाचंच. त्याने ते शर्टासकट टराटरा फाडलं.

तेवढ्यात थोरल्याने दार उघडलं.

"तुम्ही पाहिलंत ना हे?" बेलिफने विचारलं.

"सगळं," थोरला म्हणाला.

झालं. या खटल्यातही मुख्य साक्षीदार दादाच. काहीच झालेलं नसताना आई दादाच्या शर्टाला इस्त्री करत बसली. धाकट्याने अर्ज लिहायला घेतला:

"मा. न्यायालयास नम्र विनंती की, प्रस्तुत प्रकरणी अर्जदारास साक्षीदार व ज्येष्ठ बंधूंस आरोपी करण्यात यावे. ते शक्य नसल्यास अर्जदाराचा जन्म ज्येष्ठ बंधूंच्या आधी झाल्याचे ग्राह्य धरून तसा हुकूम आमच्या मातोश्रींवर बजावण्यात यावा."