बोर्ड आणि फ्रेम

नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही शालूच्या घरची रीत. घरी "अवो" म्हटलं की भागायचं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये भागेना, कारण नवरा शेजारच्या खोलीत कामाला आणि मध्ये भिंत. आतल्या फोनवर "अवो" म्हटलं की तिथे बसलेले सगळेच लाइनमन ओ द्यायचे. शेवटी तिने त्याला त्याच्या कामाचंच नाव दिलं. ती म्हणायची, "फ्रेम?" तिकडून पुंजाजी म्हणायचा, "बोल, बोर्ड."

सासूबाई पंचफुलाबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांनी गल्लीभर सांगितलं, "म्या पोराचं नाव एवढ्या हौसेनं ठेवलं, न हे त्याले फोटोची फ्रेम म्हणून राहिली!"

गाव अकोला जिल्ह्यातलं, तेल्हाऱ्याच्या वाटेवरचं. नाव सांगण्यात अर्थ नाही. त्यातली निम्मी माणसं अजून फोन उचलतात. साल चौसष्ट. गावातल्या प्रत्येक फोनची तार खांबांवरून आधी फ्रेमवर यायची. फ्रेम म्हणजे शेजारच्या खोलीतला लोखंडी सांगाडा. तिथून पुंजाजी ती तार बोर्डाच्या एका भोकाला जोडून द्यायचा. बोर्ड शालूसमोर. कुणी आपल्या फोनची मूठ फिरवली की त्याच्या भोकावरची छोटी पडदी खाली पडायची, आणि शालू दोरीचं टोक भोकात घालून विचारायची, "कोण पाहिजे?" भोकाखाली मालकाच्या नावाची चिठ्ठी. तार एक सांगते आणि चिठ्ठी दुसरंच, असं होऊ नये, यासाठी दोन्ही खोल्यांचा पगार निघत होता.

पण उन्हाळ्यातल्या वावटळीत तारा तुटल्या आणि घाईने जोडताना पुंजाजीकडून सदतीस आणि अडतीसची अदलाबदल झाली. सदतीसखाली चिठ्ठी होती केशवरावांच्या कापसाच्या जिनाची, अडतीसखाली डॉक्टर वामनरावांची. गावात कुणाला पत्ता लागला नाही, कारण नंबर सांगायची पद्धतच नव्हती. लोक म्हणायचे, "पोरी, डॉक्टरले लाव," नाहीतर, "जिनावर कोण हाय पाय बरं." शालूने अदलाबदल डोक्यात नोंदवली आणि सदतीसमध्ये डॉक्टर शोधू लागली. चिठ्ठ्यांकडे पाहणंच तिने सोडून दिलं.

तेवढ्यात निरोप आला की अमरावतीहून भगवंतराव तपासणीला येणार. शालू अजून तात्पुरती होती. त्यांनी शिफारस केली तर कायम, नाहीतर तिच्या खुर्चीवर अमरावतीची दुसरी बाई. नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर तिच्या वडिलांनी पहिलं काम केलं ते मध्येच सुटलेली तिची शाळा पुन्हा सुरू करण्याचं. ही खुर्ची गेली तर त्यांना काय सांगायचं, हे तिला सुचत नव्हतं.

आदल्या संध्याकाळी जेवताना तिने विषय काढला.

"सदतीस-अडतीसच्या तारा बदला. साहेब नंबरानं विचारतीन."

"तू चिठ्ठ्या बदल ना. कागदाचे दोन तुकडे."

"चुकी कोणाची?"

"वावटळीची."

"मंग वावटळीलेच सांगा बदलाले."

"हे पाय, तारेले हात लावला तं अर्धा घंटा जाते. चिठ्ठीले काय लागते?"

"तुमाले लाज लागते, थोडी."

पंचफुलाबाईंनी भाकरीचा तुकडा वर धरला. "भांडण त्या दोन डब्ब्यांचं, न भाकर थंडी होऊन राहिली माह्या घरात!"

दोघंही रुसून झोपली.

सकाळी शालू ड्यूटीवर आली तेव्हा राग ओसरला होता. खुर्ची आपली, गरज आपली. मान आपणच खाली घातली तर काय बिघडलं? तिने सदतीस आणि अडतीसच्या चिठ्ठ्या काढून एकमेकींच्या जागी बसवल्या. नवऱ्याला सांगायचं मात्र तिने टाळलं. जिंकल्यासारखं तोंड करून तो दिवसभर हिंडला असता. नशिबाने सकाळभर ना जिनाने मूठ फिरवली, ना डॉक्टरांनी, आणि त्यांना कुणी मागितलंही नाही.

भगवंतराव आले. सडपातळ माणूस, बोलणं मोजकं. कानाला दुसरा हेडफोन लावून ते शालूशेजारी उभे राहिले. पहिले चार-पाच फोन बरोबर लागले. मग त्यांनी बोट ठेवलं.

"हा सदतीस. कोण?"

"डॉक्टर वामनराव, साहेब."

"लावा."

तिने दोरी घातली, घंटी दिली. तिकडून जिनावरचा चौकीदार ओरडला, "कोण हाय? सरकी संपली, उद्या या!"

भगवंतरावांनी भुवई वर केली. "डॉक्टर सरकी विकतात?" ते मोठ्याने म्हणाले.

शालूचा हात आपोआप चिठ्ठ्यांकडे गेला. सकाळचं फिरवलं ते परत फिरवलं की झालं! पण त्याच क्षणी भिंतीपलीकडे पकडीचा खणकन आवाज आला, आणि तिच्या लख्ख ध्यानात आलं की साहेबांचं बोलणं तिकडे ऐकू गेलंय आणि नवराही तार फिरवायला निघालाय. तिने चिठ्ठी सोडून आतल्या फोनचं बटण दाबलं.

"फ्रेम? हात थांबवा."

"काहून?"

"सदतीसची तार केव्हा बदलली?"

तिकडून पडेल आवाज आला, "सकायीच. तू राती रुसून झोपली, म्हून मागच्या दारानं येऊन बदलून टाकली. तुले सांगणार नव्हतो."

"न म्या चिठ्ठ्या बदलल्या!"

"आँ? थांब, परत फिरवतो."

"नाही! तुमी परत फिरवान, मी परत फिरवीन, न पुन्हा तेच. तार हाय तशी राहू द्या. काय जोडलं ते वाचून दाखवा फक्त."

"सदतीस, जिन."

"सदतीस, जिन." तिने चिठ्ठी बसवली.

"अडतीस, डॉक्टर."

"अडतीस, डॉक्टर."

भगवंतरावांनी स्वतः अडतीसमध्ये दोरी घातली. डॉक्टर वामनरावांचा आवाज आला, "कोण आजारी आहे?"

"अजून तरी कुणी नाही," म्हणून त्यांनी दोरी काढली. मग शालूकडे वळले. "फ्रेमवर कोण आहे?"

"माझे मिस्टर, साहेब."

"नाव?"

शालूने पदर सावरला आणि पुन्हा बटण दाबलं. "फ्रेम, साहेबांना तुमचं नाव सांगा."

साहेब पहिल्यांदा हसले. जाताना त्यांनी दोन्ही खोल्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तार हलवायच्या आधी बोर्डाला विचारायचं आणि चिठ्ठी हलवायच्या आधी फ्रेमला. गुपचूप उपकार करायचे ते घरी करा." आणि दारात थांबून म्हणाले, "बाई, चिठ्ठीवरचा हात तुम्ही वेळेवर काढलात. मी तेवढंच बघत होतो. शिफारस आजच लिहितो."

संध्याकाळी वांग्याची भाजी रटरटत होती. शालू पीठ मळता मळता म्हणाली, "अवो फ्रेम, भाजीत मीठ टाकलं काय?"

"नाही ना, बोर्ड. इचारल्याबिगर हात लावाचा नाही, हुकूम हाय."

"मंग मी टाकतो," शालू म्हणाली.

"टाक."

तिने टाकलं. चुलीपलीकडून पंचफुलाबाई म्हणाल्या, "बरं केलं. म्या केवाचंच टाकलं होतं."