रिकाम्या पोटाची साक्ष

असत्य न बोलताही माणसाच्या हातून सत्य झाकले जाऊ शकते. प्रश्न अपुरा असला की त्याचे प्रामाणिक उत्तरही अपुरेच राहते. आणि त्या अपुरेपणाच्या आड भय दडून बसले, तर दोष विचारणाऱ्याचा की सांगणाऱ्याचा, याचा निवाडा करणे कठीण होते. घोडेगावचे कापडाचे जैन व्यापारी प्रितम यांची पत्नी नीलम हिच्यापुढे असाच प्रसंग उभा राहिला होता.

तिचे वजन सव्वाशे किलोंच्या पुढे गेले होते आणि रक्तातील साखर गोळ्यांना जुमानत नव्हती. याच साखरेने तिच्या आईचे डोळे गेलेले तिने पाहिले होते. पुण्याच्या शल्यविशारदांनी जठराचा मोठा भाग काढून त्याची अरुंद नळी करण्याची शस्त्रक्रिया सुचवली, तेव्हापासून नीलमचा सारा जीव त्या एका आशेवर टांगलेला होता. आता मंचरच्या डॉक्टर आरतींची तपासणी तेवढी उरली होती. आरती भीमाशंकरच्या डोंगरात भात पिकवणाऱ्या घरातली. पोटाच्या विकारांत तिचा अधिकार मोठा.

"रात्री आडवं पडल्यावर छातीत जळजळतं? घशाशी आंबट येतं?" आरतीने विचारले.

"नाही," नीलम म्हणाली. ते खरेच होते.

शेजारी बसलेल्या सासूबाई, कस्तुरबाई, अभिमानाने पुढे सरसावल्या. "जळजळ व्हईल कशाची? आमच्या घरात दिवस मावळला की पाण्याचा थेंब व्हटाला लागत न्हाई."

लिहिता लिहिता आरतीचा हात थांबला. "खरंच की. लहानपणी आबांबरोबर घोडेगावच्या बाजाराला यायचे मी. ऊन कललं की दुकानातले जैन शेठ म्हणायचे, थांबा पावणं, दोन घास खाऊन येतो." ती स्वतःशीच हसली. "म्हणजे तुम्ही झोपता तेव्हा पोट रिकामंच असतं. माझा प्रश्नच तुमच्या घराला लागू पडत नाही. बरं, संध्याकाळी जेवण झाल्यावर लगेच तुम्ही कधी वाकता का?"

"वाकती कुठं!" कस्तुरबाई उसळल्या. "आमच्या धर्मस्थानकात सांजच्या प्रतिक्रमणाला समद्या बाया गुडघं टेकून, डोकं भुईला लावून वंदना करत्यात, आन् ही शेठाणी भिंतीला टेकून नुसते हात जोडती. इचारलं तर म्हणती, वजन पेलत न्हाई."

नीलमने मान खाली घातली. न वाकण्याचे कारण वजन नव्हते, हे ती एकटीच जाणत होती. डोके भूमीला लागताच आंबट पाणी घशात उसळे आणि छातीत निखारा ठेवल्यासारखे होई. वंदनेच्या वेळी तोंड असे विटाळावे, याची तिला आधी लाज वाटली होती. पुढे पुण्यात कोणीतरी म्हणाले, जळजळ असेल तर हे ऑपरेशन करत नाहीत. आणि लाजेची जागा भीतीने घेतली. आता बोलावे, तर हाती आलेली आशा जाणार. न बोलावे, तर समोरची बाई इतक्या आस्थेने विचारते आहे.

"वाकलं की आग होते, ताई," ती अखेर म्हणाली. "फार होते. पण माझं ऑपरेशन रद्द करू नका."

"ऑपरेशन रद्द होणार नाही," आरती म्हणाली. "चुकीचं ऑपरेशन रद्द होईल. उद्या दुर्बिणीने आतून पाहू. सकाळी उपाशी पोटी या, पाणीसुद्धा नको."

"उपास आमाला शिकवता व्हय?" कस्तुरबाई म्हणाल्या. "पर्युषणात आठ दिस नुसत्या पाण्यावर अठ्ठाई करती मी!" त्या धाकधुकीतही नीलमला हसू फुटले.

दुसऱ्या दिवशी दुर्बिणीने निर्णय दिला. छाती आणि पोट यांमधल्या श्वासपटलातील ज्या छिद्रातून अन्ननलिका पोटात उतरते, ते छिद्र सैल झाले होते. जठराचा माथा वर छातीत सरकला होता, आणि अन्ननलिकेच्या तळाशी आम्लाने भाजल्याचे लाल चट्टे उठले होते. "याला हायटस हर्निया म्हणतात," आरतीने समजावले. "हा तसाच ठेवून जठराची नळी केली असती, तर दाब वाढून आम्ल सतत वर चढलं असतं. मग रिकाम्या पोटीही ही आग विझली नसती."

कस्तुरबाईंनी दुर्बिणीच्या चित्रातले ते लाल चट्टे पाहिले. मग वयाचा मान बाजूला ठेवून त्यांनी सुनेपुढे हात जोडले. "भिंतीला टेकतीस म्हणून लई बोलले तुला. मिच्छामि दुक्कडं, पोरी, माफ कर मला."

नीलमने ते हात आपल्या हातांत धरले. "मीच सांगितलं नाही, आई."

आरतीने पुण्याला फोन लावला आणि बेत बदलला. जठर खाली ओढून छिद्र शिवायचे, आणि नळीऐवजी अन्नाची वाट आतड्याकडे वळवणारी बायपास करायची. शस्त्रक्रियेनंतर शल्यविशारद बाहेर आले ते प्रसन्न मुद्रेने. "छिद्र अंदाजापेक्षा मोठं निघालं, नीट शिवलंय," ते प्रितमना म्हणाले. "आधी कळलं, हेच सगळ्यात मोठं काम झालं."

पुढच्या उन्हाळ्यात नीलम मंचरला आली, ती दवाखान्याचा जिना एका दमात चढून. साखरेच्या गोळ्या बंद झाल्या होत्या. दुर्बिणीत अन्ननलिका निरोगी, गुलाबी दिसली. आरतीने ते चित्र तिच्याकडे वळवले. "पाहा, जिंकलात तुम्ही."

"आपण दोघी जिंकलो," नीलम म्हणाली.

जिने स्वतःचाच प्रश्न पुन्हा पारखून घेतला, त्या वैद्येची दृष्टी अशीच जागी राहो. जिने भय ओलांडून खरे सांगितले, तिला निरामय आयुष्य लाभो. आणि सुनेपुढे हात जोडणाऱ्या त्या वृद्धेच्या मनाला शांती असो.