हिमाचलचं कुंपण

आप्पासाहेबांच्या हॉथॉर्नची माघ महिन्यात कुंपणपदी नेमणूक झाली. पण असं काही झालेलंच नाही, हे आमच्या घरात एकमतानं ठरलंय, तेव्हा पहिलं वाक्य वाचलंच नाही असं समजून पुढं चला.

आप्पासाहेब माझे चुलते. करमाडला शेती, सिडकोत बंगला, आणि बंगल्यापुढं दोन सतरंज्या मावतील एवढी बाग. तीत त्यांनी खास हिमाचलहून मागवून हॉथॉर्न लावला. थंड मुलखातलं शोभेचं झाड हे. वसंतात फुलांनी गुलाबी होतं, एरवी काटेच काटे. मे महिन्यात आपल्याकडं माणसं तग धरत नाहीत, पण आप्पासाहेबांनी त्याला हिरवी जाळी बांधली, बुडाशी ओलं गवत अंथरलं आणि कूलर खिडकीत उलटा फिरवून त्याच्याकडं तोंड करून ठेवला. आशाकाकू आत पदरानं वारा घेत बसल्या.

"काटेरी झाड दारात नसावं, घरात भांडणं व्हत्यात," काकू म्हणाल्या. आणि ते खोटं ठरू नये याची काळजी त्यांनी रोज घेतली.

खरा प्रश्न वैजापूरच्या व्याह्यांचा होता. तात्यासाहेबांच्या दारात लॉन, लॉनवर कारंजं आणि कारंज्यात सिमेंटचं बदक. लेकीच्या लग्नापासून आप्पासाहेब त्या बदकाला उत्तर शोधत होते. शेवटी त्यांनी फोनवर सांगूनच टाकलं, "पाडव्याला या. मराठवाड्यात कुणी पाहिली नसतील अशी फुलं दाखवतो."

थंडीत झाडाची सगळी पानं गळाली. तशी ती गळतातच, त्यामुळं आप्पासाहेब खूश होते. पण मोकळ्या प्लॉटवरच्या शेळ्या फाटकातून माना घालायला लागल्या. आप्पासाहेबांनी शेतावरच्या गड्याला, कारभारीला, फोन केला, "बागेतल्या झाडाला कुंपण घाल," आणि आम्हाला घेऊन ते एका लग्नाला गेले.

कारभारीनं बाग बघितली. एक हिरवागार कढीपत्ता. शेजारी एक वाळकं काटेरी झुडूप. त्याच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या काट्यांनी झाडं राखली होती, काटे राखायची पाळी कुणावर आली नव्हती. त्यानं झुडूप तोडलं आणि कढीपत्त्याभोवती गच्च आवळून बसवलं.

"मालक, आता शेळी काय, वाघ येत नाय," आम्ही परतल्यावर तो म्हणाला.

आप्पासाहेबांनी कढीपत्त्याभोवती एक चक्कर मारली. मग हळूच म्हणाले, "बुडखा तरी ठिवला का?"

"छ्या. मुळासकट काढला. जागा लई अडवत व्हता."

पाडव्याला तात्यासाहेब आले, बागेत शिरले, आणि त्यांचं धोतर अडकलं. सोडवायला मी आणि काकू, दोघं लागलो.

"काटं लई जालीम हायेत, व्याही. कुठले?"

"हिमाचलचे."

"कुंपण? हिमाचलहून?"

"आमच्या कढीपत्त्याला देशी चालत नाय," आप्पासाहेब म्हणाले.

तात्यासाहेबांचं बदक हरलं. इथं थांबता आलं असतं. पण जिंकत आलेला माणूस कधी थांबलाय?

"आन् पुढल्या पाडव्याला," आप्पासाहेब म्हणाले, "याच कुंपणाला गुलाबी फुलं येणार."

"व्हय? मग तवा सगळी भावकी घेऊन येतो."

सबब, महानगरपालिकेच्या उद्यान विभागास नम्र विनंती की, आमच्या गल्लीत पौष व माघ असे दोन महिने रोज पहाटे बर्फ पाडण्याची व्यवस्था व्हावी, व सदर कुंपण मुळासकट वाळलेलं आहे एवढ्या क्षुल्लक कारणावरून अर्ज फेटाळू नये.